वॉक, वॉक्ड, वॉक्ड

मराठी शाळेत इंग्रजी क्रियापदांची तीन रूपं पाठ करताना वर्गाला एक सूर लागतो. 'गो, वेन्ट, गॉन'ला जोर चढतो, 'सिंग, सँग, संग' तर अर्धं गाणंच. मग 'वॉक, वॉक्ड, वॉक्ड' येतं आणि आवाज पडतो. दुसरं रूप तेच तिसरं, यात पाठ काय करायचं? इंग्रजीत नियमित क्रियापदं हजारोंनी आहेत आणि अनियमित दोनशेच्या आसपास. पण पुस्तकाच्या शेवटी कोष्टक छापतात ते त्या दोनशेंचं. वॉक बिचारं शिस्तीत वागतं, म्हणून त्याला पानात जागा नाही.

खरं तर आपल्या 'चालणे'शी तुलना केली तर या शिस्तीचा हेवाच वाटावा. चालतो, चालते, चालतोस, चालतेस, चाललो, चालले, चाललास, चाललीस, चालेन, चालशील... मराठीत पाऊल टाकायच्या आधी आपण कोण, बाई की बाप्या, एकटे की घोळक्याने, हे सगळं सांगावं लागतं. वॉकची रूपं मोजून चार: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. राजा चालला काय, राणी चालली काय, सैन्य चाललं काय, सगळे 'वॉक्ड'. त्यातल्या त्यात 'ही वॉक्स'मधला तो एस तेवढा हट्टी. 'बॉय वॉक्स' आणि 'बॉइज वॉक' यांत एस एकच; नामाला दिला की क्रियापदाला मिळत नाही, असं सांगून कितीतरी शिक्षकांनी वेळ मारून नेली आहे. व्याकरण म्हणून ते खोटं आहे, पण याहून चांगली युक्ती मला अजून सापडलेली नाही. इंग्लंडातच ईस्ट अँग्लिया भागाच्या बोलीत लोक हा एस गाळून 'ही वॉक' म्हणतात. तिथल्या मुलांचे गुण कापतात की नाही, कोण जाणे.

पण खरी मौज बारा काळांची. साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण हे चार प्रकार, गुणिले वर्तमान, भूत, भविष्य. फळ्यावर तक्ता पूर्ण होईपर्यंत तास संपतो. या तक्त्याकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं, की वॉक स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. ते लग्नातल्या नवरदेवासारखं बसून असतं आणि पळापळ करतात हॅव, हॅज, हॅड, विल, शॅल, बीन ही वऱ्हाडी मंडळी. 'आय शॅल हॅव बीन वॉकिंग' या वाक्यात पुढे तीन जण धावतायत, तेव्हा कुठे शेवटी वॉकिंगचं दर्शन होतं. हा पूर्ण-चालू-भविष्यकाळ परीक्षेबाहेर मला फारसा कुणी वापरताना भेटलेला नाही. लिंडली मरे यांच्या १७९५ सालच्या गाजलेल्या इंग्रजी व्याकरणात काळ सहाच होते. आजचे बरेच व्याकरणकार म्हणतात की क्रियापदाच्या रूपावर दिसणारे काळ फक्त दोन, वर्तमान आणि भूत; भविष्य ही 'विल'ची कृपा. आकडा बारावरून दोनवर आला तरी तक्ता भरायचा तो बारा खान्यांचाच.

आणि ते शेपटीचं 'ईडी'. लिहायला एक, उच्चारायला तीन: वॉकला 'ट', प्लेला 'ड', वॉन्टला 'इड'. आपल्याकडे मुलं सरळ 'लुकेड', 'वॉकेड' म्हणतात आणि हशा होतो. त्यांनी जोनाथन स्विफ्टचं नाव पुढे करावं. गलिव्हरची सफर लिहिणाऱ्या या गृहस्थाने १७१२ मध्ये इंग्रजी सुधारण्याचा एक प्रस्ताव मांडला. त्यात 'ईडी'मधला स्वर गिळून व्यंजनं एकमेकांवर आदळवणाऱ्या कवींवर तो चांगलाच घसरला होता. म्हणजे 'डिस्टर्ब्ड'पेक्षा 'डिस्टर्बेड' त्याला गोड.

या 'ईडी'चा उगमही गमतीचा आहे. ते मुळात 'डू'च्या भूतकाळातूनच आलं, म्हणजे 'डिड' क्रियापदाच्या शेवटी चिकटून झिजत गेला, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे खरं धरलं तर 'डिड यू वॉक'मध्ये 'ईडी' निघून जातं ते आपल्या मूळ घरीच. आणि 'डिड यू वॉक्ड' म्हणणाऱ्याने एकाच माणसाला दोनदा भूतकाळात पाठवलेलं असतं.

मात्र ज्या वॉकला आपण इतकं सालस समजतो, त्याचं पूर्वायुष्य तसं नव्हतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते 'वेआल्कन' होतं, अर्थ गडगडणं, उसळणं. आणि त्याचा भूतकाळ 'वेओल्क', चक्क अनियमित! 'हेल्प'चंही तसंच. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये त्याचं 'होल्पन' हे रूप अजून भेटतं. हार्वर्डच्या काही संशोधकांनी २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याचा हिशेब मांडला: जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली, तर त्यांतली आज ९८ च अनियमित उरलीत. जे क्रियापद शंभरपट कमी वापरात, ते दहापट लवकर नियमाला शरण जातं. 'बी', 'हॅव', 'गो' रोज तोंडात असतात, म्हणून त्यांचे नखरे खपतात. जरा आडबाजूचं क्रियापद असेल तर लोक त्याचं जुनं रूप विसरतात आणि सरळ 'ईडी' लावून मोकळे होतात. उलटा प्रवासही क्वचित घडतो. अमेरिकेत 'स्नीक'चं 'स्नीक्ड' सुरळीत चाललं होतं, त्याचं लोकांनी 'स्नक' केलं. कुठल्याही शिक्षकाला न विचारता. नवं येणारं क्रियापद मात्र बहुधा मुकाट्याने रांगेत उभं राहतं. 'गूगल' आलं आणि लगेच 'गूगल्ड' झालं.

मराठीत आल्यावर तर इंग्रजी क्रियापदाला हेही कष्ट उरत नाहीत. आपण त्याला 'करणे'च्या हवाली करतो: गूगल केलं, फॉरवर्ड केला, कॅन्सल केली. काळ, पुरुष, लिंग, वचन सगळं 'करणे' बघून घेतं. सकाळी उद्यानात ज्येष्ठ नागरिक एकमेकांना विचारतात, "काय काका, वॉक झाला?" यात वॉक क्रियापदसुद्धा राहिलेलं नाही, नाम झालंय, तेही पुल्लिंगी. वर काकांचं उत्तर येतं, "झाला की! आता बसून गप्पा."