दोन टक्क्यांची भागीदारी

समाजाच्या विकासासाठी कंपनी आणि सेवाभावी संस्था एकत्र आल्या की त्याला भागीदारी म्हणतात. तीत एकाकडे पैसा असतो, दुसऱ्याकडे काम असते आणि फलकावर कोणाचे नाव मोठे असावे यावर दोघांत कधीच वाद होत नाही.

दात्याचे नाव लावण्याची ही रीत नालासोपारा पूर्वेच्या तुळिंज परिसराला नवी नाही. रूळ ओलांडून पश्चिमेला गेले की सोपारा लागतो. तिथला बुरुड राजाचा कोट पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली खणला आणि आत स्तूप निघाला. सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याने बुद्धासाठी चंदनाचा विहार बांधल्याची कथा बौद्ध साहित्यात आहे. कान्हेरीच्या लेण्यांत सोपाऱ्याच्या एका मणिकाराचे दान नावासकट कोरलेले आहे. म्हणजे दात्याचे नाव तेव्हाही लागायचे, फक्त ते दगडावर असायचे. आजचा फ्लेक्स पहिल्या पावसात कोणाच्या तरी गळक्या छपरावर जातो आणि तिथे प्रथमच समाजाच्या उपयोगी पडतो.

आजच्या भागीदारीचा आधार म्हणजे कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक अट पुरी झाली की कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्चायचे असतात. यालाच सीएसआर, म्हणजे कंपनीचे सामाजिक दायित्व म्हणतात. तुळिंजचे गाळेवाले या आकड्यांच्या आसपासही नाहीत. त्यांचे सामाजिक दायित्व गणपती आणि नवरात्रीच्या पावतीपुस्तकातून वसूल होते. तिथे ना अर्ज लागतो, ना लेखापरीक्षण. चार पोरे गाळ्यापुढे उभी राहिली की पुरते.

कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. कामकाजाचा परिसर म्हणजे कार्यालय असते तो. ते कार्यालय झाडणारा आणि राखणारा माणूस सकाळी ज्या स्टेशनात लोकलच्या दाराला लटकतो, तो परिसर यात मोडत नाही. शिवाय कर्मचाऱ्यांच्याच फायद्याचे काम सीएसआर धरले जात नाही. मात्र रखवालदार कंत्राटदाराचा असेल, तर तो कंपनीचा कर्मचारी नसतो आणि त्याचा मुलगा लाभार्थी व्हायला हरकत नसते. पगार कंत्राटदार कापतो, दप्तर कंपनी देते.

संस्थेची पात्रता कागदांवर ठरते. नोंदणी, प्राप्तिकर सवलतीची १२ए आणि ८०जी ही प्रमाणपत्रे, तीन वर्षांच्या कामाचा दाखला आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म. चाळीच्या ओट्यावर वर्षानुवर्षे पोरांचा अभ्यास घेणाऱ्या बाईंचा अनुभव पोरांच्या वह्यांत असतो, ताळेबंदात नसतो. म्हणून त्या भागीदार होत नाहीत. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर असली, तरी बोलणी सुरू झाली की संस्थेच्या कारकुनाच्या पगारावर येऊन बसते. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरू नयेत, असे सरकारने जून २०१४ च्या परिपत्रकात सांगितले. तेव्हापासून धावपळ फक्त संस्थेची होते, तीही मार्चमध्ये. वर्ष ३१ मार्चला संपते आणि समाजाच्या गरजा फेब्रुवारीत लक्षात येतात.

प्रकल्प निवडताना गरज पाहतात, पण त्याआधी ती फोटोत येईल का हे पाहतात. तुळिंजच्या रस्त्यावर दर पावसाळ्यात पाणी तुंबते, परंतु गटाराच्या उद्घाटनाला फीत कुठे बांधायची हे कोणालाच सुचलेले नाही. त्यामुळे जलशुद्धीकरण यंत्र निवडले जाते. समजा, ते एका शाळेच्या व्हरांड्यात बसवले. यंत्राहून फलक मोठा. साहेबांनी फीत कापली, हिरवा दिवा लागला, पहिला पेला साहेबांच्या हाती गेला. त्यातले पाणी मात्र बाटलीतून ओतलेले, कारण नळाला पाणी येण्याची वेळ पहाटेची. सहा महिन्यांनी यंत्राचा फिल्टर बदलायला येतो. त्यासाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो. देखभाल म्हणजे खर्च आणि नवे यंत्र म्हणजे प्रकल्प. पुढच्या मार्चमध्ये जुन्या यंत्रावर टेबलक्लॉथ पडतो आणि शेजारी दुसरे बसते.

शेवटची पायरी मूल्यमापनाची. सीएसआरचे दायित्व सरासरी १० कोटी किंवा अधिक असलेल्या कंपन्यांना १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावे लागते. बाकीच्यांचे फोटोवर भागते. शाळेत मुले ४००, म्हणून लाभार्थी ४००. दुसरे यंत्र बसल्यावर ८००. त्यांतले पाणी किती जण प्यायले, यासाठी अहवालात रकाना नाही.