तिसऱ्या पिनेस सेवामुक्तीचे पत्र

प्रति,
श्रीमती अर्थिंगची पिन,
थ्री पिन टॉप, द्वारा समस्त वेल्डिंगवाले, गॅरेजवाले व रसवंतीवाले,
मु. पो. सणसर, ता. इंदापूर, जि. पुणे

विषय : आपणास सेवेतून मुक्त करणेबाबत.

महोदया,

तुमच्या कामाचा आढावा घेतला. एक पिन वीज आणते, दुसरी परत नेते, तुम्ही नुसत्या उभ्या. वर त्या दोघींपेक्षा जाड आणि लांब. बोर्डात सगळ्यांच्या आधी शिरता, निघता सगळ्यांच्या नंतर. कारण आम्हाला माहीत आहे. ग्राइंडरच्या लोखंडी बॉडीत करंट उतरलाच, तर तो धरणाऱ्याच्या हातातून न जाता तुमच्या वाटेनं जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा. पण असा प्रसंग वर्षानुवर्षं येत नाही, आणि बसून पगार घेणारं माणूस आम्ही ठेवत नाही.

म्हणून पक्कड लावून तुम्हाला मोडलं. काही ठिकाणी तर टॉपच रद्द केला : वायरची टोकं सोलली, बोर्डात घातली, निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या खोचल्या. चाचणीही होते. वायरमनच्या खिशात टेस्टर असतो. दिवा लागला की कामाला लागायचं. तुमची तार जमिनीपर्यंत पोचते का, हे टेस्टर सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. काही ड्रिलच्या अंगावर चौकोनात चौकोन छापलेला असतो, त्यांचं इन्सुलेशन दुहेरी, त्यांना तुमची गरजच नाही. ती सवलत आम्ही सगळ्याच यंत्रांना लागू केली आहे.

कायद्याची भीती घालू नका. १९५६ च्या विद्युत नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांपर्यंत एकच रट आहे : हलवता येणाऱ्या यंत्राची केबल जाड इन्सुलेशनची, घासण्या-चेंगरण्यापासून जपलेली हवी, सिंगल फेजला तीन तारी, थ्री फेजला चार, आणि तुमची तार चटकन ओळखू यावी. मात्र दर वर्षी प्रत्येक ड्रिल तपासून त्यावर स्टिकर चिकटवा, असं त्यात नाही. विलायतेत चिकटवतात. पण तिथलाही १९८९ चा नियम एवढंच म्हणतो की, धोका होणार नाही अशी उपकरणं राखा. दर वर्षीच्या तपासणीची सक्ती तिथंही नाही.

आपल्याकडं तपासायचं ते इन्स्टॉलेशन, पाच वर्षांच्या आत एकदा. त्यातही ठरावीक व्होल्टेजपर्यंत मालकानंच बघून स्वतःच दाखला द्यायचा. परीक्षार्थीनंच पेपर तपासला तर नापास कोण होणार? बघणारा मीटर बघतो, मेन स्विच बघतो, फार तर अर्थिंगच्या खड्ड्यात डोकावतो. सॉकेटपासून पोराच्या हातापर्यंतची वायर, जिच्यावरून दिवसभर ट्रॅक्टर जातात, ती कुणाच्याच वहीत नाही.

शेजारी भवानीनगरला छत्रपती साखर कारखाना आहे. असल्या मोठ्या ठिकाणांसाठी तेव्हाच्या कारखाने अधिनियमात १९७६ साली ३६-अ कलम घातलं : टाकीत, नळात, धुराच्या वाटेत २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा न्यायचा नाही, न्यायचाच तर सुरक्षेची पुरेशी साधनं हवीत. चहूबाजूंनी लोखंड, आत घामानं भिजलेला माणूस; हिशेब सरळ आहे. आमच्याकडंही पाण्याच्या टँकरच्या पोटात शिरून पोरगं वेल्डिंग करतं आणि उजेडाला २३० व्होल्टचा बल्ब नेतं. पण आमची माणसं चार. कायद्यानं कारखाना म्हणायला ती पुरत नाहीत. विजेला पुरतात.

आता तुमच्या अर्जाबाबत. तुम्ही लिहिता : “खंडेनवमीला तुम्ही सगळी हत्यारं बाहेर काढता, पुसता, ओळीनं मांडता, ग्राइंडरला हळद-कुंकू लावता, झेंडूचा हार घालता. त्याच बैठकीत वायर हातातून फिरवून चीर शोधा, टॉप उघडून तिन्ही स्क्रू आवळा, मीटर लावून बॉडी आणि माझी पिन जोडलेली आहे का बघा. एका यंत्राला पाच मिनिटं. नंतर लगेच गळीत हंगाम आहे, ट्रॉल्यांची रांग लागेल, तेव्हा वेळ मिळणार नाही.”

अर्ज वाचला. मुद्दा बिनतोड आहे, खर्च काही नाही, दिवसही कॅलेंडरात छापलेला. तरी पूजा झाली की यंत्राला हात लावायचा नसतो, आणि पूजेच्या आधी आम्हाला सवड नसते. सबब अर्ज नामंजूर.

कळावे,
आपले,
दोन पिनांवर समाधानी
समस्त मालक मंडळी

ता. क. : वारीत तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी असते. त्या रात्री मांडव ओला, जमीन ओली, वारकरी अनवाणी आणि लोखंडी खांबांवरून आमच्याच वायरी गेलेल्या. तेवढ्या एका रात्रीपुरतं कामावर यावं. रोजंदारीवर. सकाळी पालखी हलली की परत काढू.