हॅलोसर

खिशाला दोन पेनं, हातात दोन मोबाईल. एकात रेंज नसते आणि दुसऱ्यात चार्जिंग. पँटच्या मागच्या खिशातून लाल रिबनचं टोक बाहेर आलेलं. ही रिबन कुणा मुलीची नव्हे, खिडकीच्या गजाला मोबाईल बांधायची. एवढ्या खुणा जुळल्या की समजावं, आपण एका हॅलोसरांसमोर उभे आहोत. तालुक्यात असे एक-दोन तरी असतातच. शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख त्यांची ओळख "आमचे तंत्रस्नेही शिक्षक" अशी करून देतात आणि लगेच त्यांनाच माईक दुरुस्त करायला लावतात.

आमच्या शाळेतले हॅलोसर तिसरी-चौथीला शिकवतात. भिंतीपलीकडे पहिली-दुसरी, ती माझी. शाळा द्विशिक्षकी. म्हणजे सर व्हिडिओ कॉलवर जपानशी बोलत असतात तेव्हा खिचडीच्या तांदळाचा हिशेब, यूडायसची माहिती आणि पहिलीतल्या नव्या पोराचं वाहतं नाक हे तिन्ही विभाग माझ्याकडे असतात. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी कुठं तिरकस बोलले तर कारण कळेल.

हॅलोसर हे नाव लेकरांनीच ठेवलं. सर वर्गात आले की "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" हीच सुरुवात. पलीकडे कुणी असो वा नसो. आता सवय अशी जडली आहे की हजेरी घेतानाही ते मधेच थांबून विचारतात, "आवाज येतोय का?" आणि शेवटच्या रांगेतलं पोर इमानदारीनं अंगठा वर करतं.

सर मूळचे स्काइपवाले. शिक्षकांना जगभरातल्या शिक्षकांशी, लेखकांशी, शास्त्रज्ञांशी गाठ घालून देणारी सोय स्काइपनं 2011च्या सुमारास उघडली, पण आमच्या डोंगरात ती पोचायला जिओ यावं लागलं. जिओ सुरू झालं 5 सप्टेंबर 2016 रोजी. त्या दिवशी शिक्षक दिन होता. हा योगायोग आहे, हे सर अजूनही मान्य करत नाहीत.

सरांच्या वर्गातला टीव्ही लोकवर्गणीतला. जत्रेतल्या कुस्त्यांची दोन बक्षिसं कमी करून गावानं तो घेऊन दिला, त्यामुळे क्रिकेटचा सामना असला की गाव हक्कानं शाळेत येतं. रेंज मात्र वर्गाच्या एकाच कोपऱ्यात, कडुलिंबाकडच्या खिडकीत. म्हणून टीव्हीही तिकडेच. सरांचा वर्ग गेली कित्येक वर्षं फळ्याकडे पाठ करून बसतो.

सरांचा जीव की प्राण म्हणजे 'मिस्टरी'चा खेळ. दोन देशांतले दोन वर्ग समोरासमोर येतात. कोण कुठला ते सांगायचं नाही. ज्यांचं उत्तर फक्त हो किंवा नाही असेल असेच प्रश्न विचारायचे आणि समोरचे कुठले ते ओळखायचं. सरांनी वर्गात खाती वाटून दिली आहेत: प्रश्नवाले, नकाशावाले, नोंदवाले. खेळाआधी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा आणि 'भारत माझा देश आहे' झाकायला माझ्या वर्गातली सतरंजी नेतात. माझी लेकरं त्या दिवशी फरशीवर. पहिल्या खेळात सगळं झाकलं, तिरंगा कपाटात ठेवला, मुलांना बजावलं, आणि पडद्यावर गोरी पोरं दिसताच चौथीतल्या एका चुणचुणीत मुलीनं दोन्ही हात जोडून ठणठणीत आवाजात "नमस्ते!" म्हटलं. खेळ पहिल्याच मिनिटाला आटोपला. उरलेला वेळ सर तिकडच्या मास्तरांशी हवामानावर बोलले.

पण मी भिंतीच्या खिडकीतून पाहिलेला एक खेळ सांगायलाच हवा. मुलांनी विचारलं, तुमच्या देशातून विषुववृत्त जातं का? हो. आफ्रिका खंड? हो. नकाशावाल्यांनी पट्टी ठेवून भराभर देश काढले: गॅबन, काँगो, दुसरं काँगो, युगांडा, केनिया, सोमालिया. हिंदी महासागर आहे का? हो. राहिले दोन, केनिया आणि सोमालिया. प्रश्नवाले गप्प. तेव्हा वर्षभर वर्गात तोंड न उघडलेलं एक पोर उठलं आणि त्यानं मराठीतच विचारलं, "तुमच्याकडं चहा पिकतो का?" त्याच्या बापाची स्टँडवर टपरी, त्याला दुसरं काही सुचलंच नसणार. सरांनी प्रश्न पलीकडे पोचवला. पलीकडून अख्ख्या वर्गाचा "येस!" आला. केनिया! सरांनी त्या पोराला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं, त्यामुळे तिकडच्यांना फक्त त्याचं पोट दिसलं. ते पोर तेव्हापासून जे बोलायला लागलंय ते थांबत नाही. आता मधल्या सुट्टीत मलाच प्रश्न विचारतं, आणि तेही हो-नाहीतले.

सरांच्या वर्गात घड्याळं सहा. टोकियो, नैरोबी, लंडन, न्यूयॉर्क, आपलं, आणि खास हौसेनं लावलेलं काठमांडूचं. "नेपाळ आपल्यापुढं फक्त पंधरा मिनिटं आहे मॅडम, शेजारी असावा तर असा!" कुणीही पाहुणा आला की हे वाक्य होतंच. सहापैकी चार घड्याळांचे सेल संपलेले असतात. जगात कायम सव्वाचार वाजलेले. सरांना त्यानं फरक पडत नाही, त्यांचा सगळा हिशेब तोंडपाठ. टोकियोचा दीड म्हणजे आपले दहा, नैरोबीचे नऊ म्हणजे आपले साडेअकरा. न्यूझीलंडची शाळा भरते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. त्या देशाचं नाव सरांनी दोनदा काढलं. मी एकदाच सरांकडे बघितलं.

अमेरिका हे त्यांचं दुखणं. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, म्हणून एका नोव्हेंबरात लेकरांना शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. साडेपाचला सगळी सज्ज, केसांना तेल, मुलींच्या डोक्यात शेवंती. पडद्यावर कुणी नाही. पावणेसहा, सहा. सर "हॅलो हॅलो" करतायत. अंधार पडला तशा आया बॅटऱ्या घेऊन आल्या. "सर, लेकरं उपाशी हायती, ही कसली रात्रीची शाळा?" सरांना कारण सापडलं ते सव्वासहाला: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेनं घड्याळं तासभर मागं घेतली होती. तिकडे आत्ता कुठं पावणेआठ वाजत होते. सरांनी हे आयांना समजावून सांगितलं. एक आजी शांतपणे म्हणाली, "त्यांनी मागं घेतली तर घेतली, तुमी कशाला घेता?" पण कुणी घरी गेलं नाही. आयाही बसल्या. साडेसहाला अमेरिका लागली तेव्हा तिकडच्या पोरांना वाटलं की इथं शाळा शिकायला सगळं गावच येतं.

साहेब आले की मात्र जग लागत नाही. विस्तार अधिकारी आले, सरांनी टोकियोच्या शाळेशी वेळ ठरवून ठेवलेली. टीव्हीवर ते गोल चक्र फिरायला लागलं. साहेबांनी चहा घेतला. चक्र फिरतंय. साहेबांनी बिस्किट घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "हे गोल गोल फिरतंय ते काय आहे?" सर म्हणाले, "जपान, साहेब." शेरेबुकात साहेबांनी स्वच्छतागृहाबद्दल लिहिलं.

मग 2020 उजाडलं. सगळ्या महाराष्ट्रानं एकदमच "आवाज येतोय का?" म्हणायला सुरुवात केली आणि सरांच्या तोंडचं हक्काचं वाक्य गेलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते खट्टू दिसले. एक तर निम्म्या घरांत साधा फोन. सर दोन्ही मोबाईल घेऊन वस्त्यांवर मोटारसायकलनं फिरले आणि शेवटी फोन खिशात ठेवून बांधावर बसून पाढे घेतले. त्याच वर्षी परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यांनी अर्धी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकायचं जाहीर केलं. ते तर अशा आभासी सहलींचे जुनेजाणते. सरांनी पेढे वाटले, जणू घरातलंच कुणी. "आपण असतो तर आपणही अर्धं दिलं असतं," असं घरी म्हणाले म्हणे. वहिनी म्हणाल्या, "द्या की. आधी गॅस सांगा, संपलाय."

सुगत मित्रा या शिक्षणसंशोधकांचा एक प्रयोग सरांना कुठून तरी कळला. ब्रिटनमधल्या आज्या स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारायच्या, 2009 मध्ये सुरू झालेला. पुढं मित्रा यांच्या प्रकल्पातली अशा गप्पांची एक खोली आपल्या फलटणलाही झाली, हे सर एसटीत शेजारी बसणाऱ्यालाही सांगतात. "त्यांच्या आज्या आपल्याला, तर आपल्या आज्या त्यांना का नाही?" असं म्हणून त्यांनी वर्गात जातं आणलं आणि गावातल्या सगळ्यात बोलक्या आजीला बसवलं. आजीनं दोन ओव्या म्हटल्या. तिकडचा वर्ग चिडीचूप. मग आजीनं पदर सावरून तिकडच्या बाईंना विचारलं, "जेवलात का?" त्या हसून मान डोलवतात तोच, "मूलबाळ किती? आणि मालक काय करतात?" हा प्रश्न सरांनी पलीकडे पोचवला नाही. रेंज गेली म्हणाले.

5 मे 2025 रोजी स्काइप कायमचं बंद झालं. सर त्या दिवशी डबा न खाता बसले. आता झूम, मीट, टीम्स, सगळं वापरतात, पण फोनची रिंग अजून स्काइपचीच. झूमची फुकटातली चाळीस मिनिटं त्यांना पसंत आहेत. "तासाएवढीच आहेत, बघा." अडतिसाव्या मिनिटाला वर्गात एकच गलका होतो. सगळी एकदम "बाय, थँक्यू, बाय" ओरडतात आणि पलीकडचं पोर आपल्या कुत्र्याचं नाव सांगता सांगता पडद्यावरून नाहीसं होतं.

स्काइपच्या जमान्यात 'स्काइप-अ-थॉन' नावाचा दोन दिवसांचा जागतिक मेळा भरायचा. त्यात शाळांनी घरबसल्या किती मैल प्रवास केला ते मोजायचे. मेळा गेला, सरांची वही राहिली. दिनांक, देश, मैल, शेरा. ही वही ते हजेरीपटापेक्षा जपतात. आमचा मुलूख ऊसतोडीचा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ट्रॅक्टर भरून निघतात आणि वर्ग निम्मा होतो. काही लेकरं आईबापांबरोबर जातात, काही आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. अशाच एका मागं राहिलेल्या तिसरीतल्या मुलीनं त्या वहीत डोकावून विचारलं, "सर, माझी आई कोल्हापूरकडं गेली, ते मैल यात धरत नाहीत का?"

सरांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वहीत नवी ओळ होती, मैल दोनशेच्या आसपास, आणि खिडकीच्या गजाला फोन. पलीकडे उसाच्या फडात त्या मुलीचा बाप, हातात कोयता. वर्गानं सवयीनं मिस्टरी सुरू केली. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का? बाप बायकोकडं बघून म्हणाला, "असू बहुतेक." तिथं नदी आहे का? "हाय की." कृष्णा का पंचगंगा? "ह्ये हो-नाहीमधी कसं सांगू, सर?" तोवर टोळीतली बाकीची माणसं गोळा झाली. आमच्या पोराला दाखवा, आमचं बारकं कुठाय, ताप उतरला का, म्हातारीला गोळ्या आणल्या का. नकाशावाले, प्रश्नवाले, नोंदवाले सगळे उठून फोनला चिकटले. माझी पहिली-दुसरीही भिंत ओलांडून घुसली, कारण निम्म्यांचे आईबाप त्याच टोळीत. खेळाचे नियम कुणाला आठवले नाहीत, सरांनाही नाही. मी खिचडी उतरवून ठेवली आणि माझ्याच वर्गातली दोन लेकरं कडेवर घेऊन त्यांना पडदा दाखवत उभी राहिले. तिकडून फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावलेला होता. बाप म्हणाला, "रातच्याला आठनंतर लावत जा, सर. गाडी भरून झालेली असती."

दुसऱ्या दिवशी सर सातवं घड्याळ घेऊन आले. खाली चिठ्ठी: 'फड'. मी म्हटलं, "सर, कोल्हापूरची वेळ आणि आपली एकच आहे. हे कशाला?"

"त्यांचा दिवस पहाटे तीनला उजाडतो, मॅडम," ते स्टुलावर चढत म्हणाले. मग खिळा ठोकून झाल्यावर खाली बघून, जरा अजिजीनं, "सादिल खर्चातून एवढे सेल बसतात का बघा ना. सातही घड्याळांचे."