सूर्याजी पिसाळांना बंगळुरूहून पत्र

रा. रा. सूर्याजीराव पिसाळ, मु. वाई, यांसी सा. न. वि. वि.

१६८९ साली रायगड पडला त्याचं खापर आजतागायत तुमच्या माथी आहे. वाईच्या देशमुखीसाठी फितूर झालात, असं सांगतात. खरंखोटं इतिहासकार बघून घेतील. पण आमच्या बंगळुरूत जन्मला असतात, तर तुम्हाला गद्दार म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

इथे म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ एक रिसॉर्ट आहे. २००२ साली महाराष्ट्रात विलासराव देशमुखांचं सरकार डळमळलं, तेव्हा काँग्रेसचे मराठी आमदार तिथे आणून ठेवले होते. यजमान इथले काँग्रेस नेते डी. के. शिवकुमार. निष्ठेला कुंपण आणि पहारा लागतो, हे तेव्हा कळलं. जानेवारी २०१९मध्ये तर तिथे ठेवलेल्या कर्नाटकच्याच एका निष्ठावंत आमदाराने दुसऱ्याला असं चोपलं की तो थेट इस्पितळात!

मग जुलैत गाडी उलटी निघाली. कर्नाटकचे बंडखोर आमदार मुंबईत, पवईच्या हॉटेलात. समजूत काढायला शिवकुमार स्वतः गेले, रीतसर खोली राखून. हॉटेलाने आरक्षण रद्द केलं, पोलिसांनी फाटकावरच अडवलं. मराठी आमदारांना बंगळुरूत थाटात ठेवणारा हा माणूस पावसात ताटकळत उभा. पाहुणचाराची फेड म्हणतात ती हीच. सतरा आमदार अपात्र ठरले, पण पोटनिवडणूक लढवायला सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली. त्यांतले दहा जण पुढच्या फेब्रुवारीत मंत्री! आणि तुम्ही नुसत्या देशमुखीवर भाळलात.

तुमचं चुकलं ते एवढंच, की एकटे गेलात. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने एकटा फुटला तर अपात्र. दोन तृतीयांश घेऊन दुसऱ्या पक्षात गेलं, की विलीनीकरण. गडावरचे तिघांतले दोघे सोबत नेले असतेत, तर मागे उरलेल्यांनाच फितूर ठरवता आलं असतं. शिवाय वकील तेवढा चांगला हवा.

२०२२मध्ये शिवसेनेतून फुटलेल्या शिंदे गटाला उद्देशून मुंबईत विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ घुमलं. त्यावर दसरा मेळाव्यात एकनाथ शिंदे म्हणाले, ही गद्दारी नव्हे, गदर आहे. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतले, म्हणजे सख्खे चुलतभाऊच. पण टाळ्या पडल्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक बंगळुरूकर

ता. क. येणार असाल तर आधी कळवा. विश्वासदर्शक ठरावाच्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत.