छत्तीसचा आकडा

ज्यांच्या खिशात महिनाअखेरीला रेल्वेच्या पासाखेरीज काही उरत नाही, अशा मुलांना कोट्यवधी रुपये कुठे नि कसे गुंतवावेत हे शिकवायचं, ही विद्यापीठाची कल्पना मला अजूनही लोभस वाटते. विषयाचं पूर्ण नाव 'सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस अँड पोर्टफोलिओ मॅनेजमेंट'. पण ते उच्चारण्यातच दमछाक व्हायची, म्हणून सगळे 'सॅपम' म्हणत. कॅन्टीनमध्ये दोघांत एक कटिंग घेणारी आम्ही मंडळी वर्गात शिरताच गंभीर व्हायचो. टाटा स्टील ठेवावा की काढावा, सरकारी रोख्यांत किती टाकावेत, यावर असे वाद घालायचो, जणू आमच्या होकारासाठी अख्खी दलाल स्ट्रीट खोळंबून उभी आहे. त्या काल्पनिक श्रीमंतीत एक निर्मळपणा होता. जवळ पैसे नसले की माणूस पैशाबद्दल किती निःस्पृहपणे बोलू शकतो!

या शास्त्राचा पाया हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली, पंचविशी गाठण्याआधीच, एका छोट्याशा लेखात घातला. शिकागोत त्यांच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 'हे अर्थशास्त्रच नव्हे' अशी हरकत घेतली होती; १९९० साली नोबेल मिळालं ते मात्र अर्थशास्त्राचंच. लेखातला विचार असा, की एकेकटा शेअर किती गुणी आहे हे पाहून भागत नाही. तो शेजाऱ्याशी कसा वागतो ते पाहावं लागतं. आपल्याकडे पत्रिका पाहतात तसंच हे, फक्त उलटं. तिथे गुण जुळले की मंडळी खूश. इथे ज्यांच्यात छत्तीसचा आकडा, तीच जोडी उत्तम. एक रडवेला झाला की दुसरा खुलला पाहिजे. सेन्सेक्समधल्या ३० कंपन्या घेतल्या तरी अशा ४३५ जोड्या तपासाव्या लागतात; कोणत्याही वधूवर सूचक मंडळाने हात टेकावेत. आणि एवढी खटपट करूनही बाजार खरोखर कोसळतो तेव्हा, वर्षानुवर्षं फटकून वागणारे हे शेअर एकमेकांच्या गळ्यात पडून एकदमच रडू लागतात. २००८ साली जगभर तसंच झालं.

मी मात्र रेंगाळतो तो जोखमीपाशी. जोखीम म्हणजे सरासरीपासून किती ढळलात ते, मग खाली ढळा की वर. ती मोजणाऱ्या प्रमाण विचलनाच्या सूत्रात फरकाचा वर्ग करतात, आणि वर्ग केला की उणे चिन्ह पुसलं जातं. म्हणजे १२ टक्क्यांची अपेक्षा असताना हाती २ टक्के आले काय किंवा २२ टक्के आले काय, दोन्ही धक्के एकाच मापाने मोजायचे. अवचित आलेलं सुख हीदेखील जोखीमच! हे मार्कोविट्झनाही खटकलं असावं. १९५९च्या पुस्तकात त्यांनी फक्त घसरण मोजणाऱ्या मापाचाही विचार केला, पण त्याची आकडेमोड जड, म्हणून ते मागे पडलं. तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी आनंदाचा वर्ग करून तो दुःखात मिळवत आले आहेत. माझी आत्या मनापासून हसू आलं की पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, "पुरे गं बाई, आता उद्या रडावं लागेल." ती सांख्यिकी शिकलेली नव्हती.

आमचे सर कार्यक्षम सीमारेषेचा, म्हणजे ठरावीक जोखमीत जास्तीत जास्त परतावा दाखवणारा, तो बाकदार वक्र फळ्यावर एका दमात काढत आणि सम गाठलेल्या गवयासारखे क्षणभर थांबत. एकदा त्यांनी सांगितलं, की स्वतःच्या निवृत्तीचे पैसे गुंतवताना मार्कोविट्झनी ही गणितं केलीच नाहीत. बाजार चढला आणि आपण बाहेर असलो तर हळहळ. कोसळला आणि आपण आत असलो तरी हळहळ. म्हणून निम्मे शेअरांत, निम्मे रोख्यांत टाकून ते मोकळे झाले. वर्गात समाधानाची एक लहर पसरली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, परीक्षेत नुसतं निम्मं-निम्मं लिहिलं तर चालेल?"

सरांनी बोटांवरचा खडू झटकला. "चालेल की," ते म्हणाले, "मार्कही निम्मेच देईन."