घरबसल्या उत्क्रांती : नवशिक्यांसाठी सोपे मार्गदर्शन

उत्क्रांतीला फार वेळ लागतो, अशी एक समजूत आहे. 2008 च्या सप्टेंबरात ‘स्पोर’ हा संगणकावरचा खेळ आला आणि त्या समजुतीत दम राहिला नाही. शनिवारी दुपारी जेवून बसलात तर चहाच्या वेळेपर्यंत तुम्हाला पाय फुटतात. रात्री जेवायला हाका सुरू होतात तेव्हा तुमची टोळी शेजाऱ्यांच्या झोपड्या पेटवण्यात गुंतलेली असते. रविवारी अंतराळयान मिळतं. सोमवारी मात्र कामावर जावंच लागतं. त्यावर उत्क्रांतीकडेही इलाज नाही.

हा खेळ मॅक्सिस या कंपनीचा आणि डोकं विल राइट यांचं. या गृहस्थांनी 1989 मध्ये ‘सिमसिटी’ काढून लोकांना नगरपालिका चालवायला लावली आणि 2000 मध्ये ‘द सिम्स’ काढून पडद्यावरची भांडी घासायला लावली. दोन्हीसाठी लोकांनी आनंदाने पैसे मोजले. त्यानंतर त्यांना वाटलं, आता एकाच खेळात सगळंच घालू: पेशीपासून आकाशगंगेपर्यंत. खेळाचं कच्चं नावही ‘सिमएव्हरीथिंग’ असंच होतं.

आधीची तयारी

संगणक लागतो, माऊस लागतो, आणि घरच्यांनी तुमच्यावर कुठलंही काम सोपवलेलं नसावं लागतं. जीवशास्त्र येण्याची गरज नाही. येत असेल तर ते खेळ संपेपर्यंत बाजूला ठेवा, नाहीतर चिडचिड होईल. ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्याच वर्षी हा खेळ शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिला आणि सरळ नापास केला. बरोबरच होतं. डार्विनच्या उत्क्रांतीत घडवणारा कुणी नसतो. इथे तो खुर्चीत मांडी घालून वेफर्स खात बसलेला असतो. नैसर्गिक निवड वगैरे काही नाही, निवड तुमची.

खेळ विकत घेताना एक इतिहास माहीत असू द्या. सुरुवातीला एक प्रत फक्त तीन संगणकांवर चालू करता येईल, असं कुलूप कंपनीने घातलं होतं. गिऱ्हाइकं खवळली, अ‍ॅमेझॉनवर एक-एक ताऱ्याच्या शेऱ्यांचा पाऊस पडला, आणि चोरून उतरवून घेणाऱ्यांनी तर त्या वर्षी विक्रम केला. मग तीनाचे पाच झाले. आता जीओजी या ऑनलाइन दुकानात बिनकुलपाची प्रत मिळते.

मागून एखादे आजोबा डोकावतील, पडद्यावरचा जीव पाण्यातून जमिनीवर येताना पाहतील आणि म्हणतील, “मत्स्य, कूर्म, वराह. आपल्याकडे हे आधीच सांगून ठेवलंय.” मान हलवा. वाद घालाल तर पुढची उत्क्रांती दिवाळीनंतर.

पेशी

एक उल्का येऊन तुमच्या ग्रहावर आदळते आणि तिच्यातून तुम्ही बाहेर पडता. शाकाहारी की मांसाहारी, एवढाच प्रश्न विचारला जातो. घाबरू नका, पुढे मिश्राहाराचीही सोय आहे. मग पोहायचं, हिरवं किंवा तांबडं जे चालत असेल ते खायचं, आणि मोठ्यांच्या तोंडात जायचं नाही. मेलात तरी अंत्यविधी नाही. क्षणभरात पुन्हा पोहत असता.

नवशिके काटे पुढे लावतात, कारण त्यांना लढायचं असतं. अनुभवी माणूस काटा मागे लावतो, कारण त्याला पळायचं असतं. मागे, पाण्याच्या तळाशी, अंधूकशा प्रचंड आकृती सरकताना दिसतील. तुम्ही थोडे वाढलात की पडदा मागे सरतो आणि त्या आकृती एकदम तुमच्या उंचीच्या होतात. काही वेळाने त्यांनाच तुम्ही खात असता. पूर्ण खेळातला हा सर्वांत सुंदर भाग आहे आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो.

तो संपवण्याची घाई करू नका, हा या मार्गदर्शनातला सर्वांत मोलाचा सल्ला. इथे तुमच्याकडे कुणी तक्रार घेऊन येत नाही. करवसुली नाही, शेजारी नाहीत, दोस्तराष्ट्रं नाहीत. खायचं आणि खाल्लं जायचं नाही, एवढंच काम. पण नवशिक्याला पाय हवे असतात. बटण दाबतो, आणि जमिनीवर येतो.

एक सावधगिरी: पेशी असताना काय खाल्लंत याची नोंद होते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तुमच्या वागण्याचा शेरा लिहिला जातो, आणि अंतराळात गेल्यावर तुम्ही योद्धे, व्यापारी, शास्त्रज्ञ की आणखी कोण, हे त्या शेऱ्यांवरून ठरतं.

प्राणी

इथे प्राणी घडवायचा कारखाना उघडतो, आणि अनेकांचा खेळ इथेच थांबतो. ते पुढे जातच नाहीत. मातीचा गोळा ओढावा तसा कणा ओढायचा, पोट फुगवायचं, डोळे चिकटवायचे. पाच पाय लावा, पाय लावूच नका, गुडघे उलटे करा. तुम्ही काहीही केलंत तरी ते चालायला लागतं. हा खरा चमत्कार आहे आणि तो गंमतीत उडवण्यासारखा नाही. आधी चितारून ठेवलेली चाल इथे नसते. तुम्ही बनवलेल्या हाडांचा हिशेब करून प्रोग्रॅम तिथल्या तिथे चाल जुळवतो. तीन पायांचा, एक आखूड आणि दोन लांब, असा जीव पहिल्यांदा लंगडत, सावरत पडद्यावर फिरतो तेव्हा भली भली शिकलेली माणसं टाळ्या पिटतात.

आता गुपित. या सगळ्या कारागिरीचा खेळावर परिणाम जवळजवळ शून्य. तोंड शेपटीला लावलं तरी चावा तेवढाच बसतो. पाय हत्तीचे दिसोत की कोळ्याचे, वेग ठरतो तो कोणत्या प्रतीचं पाऊल लावलंय यावर. एकाच गुणाचे चार अवयव लावले तर त्यातला सर्वांत वरच्या दर्जाचा तेवढा धरतात. तेव्हा प्राणी सुंदर करायचा तर हौसेने करा. निसर्ग त्याकडे बघणार नाही.

नवे अवयव रानात पडलेल्या सांगाड्यांतून मिळतात. कुणाचे सांगाडे, ते विचारू नये. ते लावायला डीएनएचे गुण मोजावे लागतात, आणि दुकान उघडतं फक्त जोडीदाराला साद घातल्यावर. म्हणजे आपल्याकडचाच रिवाज: लग्न ठरल्याशिवाय बस्ता बांधायला कुणी बाहेर पडत नाही. फरक एवढाच की इथे दर बस्त्यात नवरा-नवरी दोघांचेही पाय बदलून मिळतात. जोडी नाचते, अंड्याच्या आधी खरेदी होते, आणि अंड्यातून नव्या नाकाची पिढी बाहेर येते. शेजारपाजारचे यावर काही बोलत नाहीत.

शेजाऱ्यांशी दोन प्रकारे वागता येतं. एक, चावून त्यांचा निर्वंश करायचा. दोन, ते जे करतील तेच आपण करायचं: ते गायले की गायचं, नाचले की नाचायचं. मैत्रीचा हा मार्ग सोपा वाटतो, पण समोरच्याला तुमच्यापेक्षा वरचा सूर लागत असेल तर अपमान होतो आणि बरोबरचे सवंगडीही खाली बघतात. खेळाचं संगीत ब्रायन ईनो यांच्या हातचं आहे. तुमच्या प्राण्याच्या आवाजाची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका.

मध्येच आकाशातून एक तबकडी येईल आणि शेजारचा एखादा प्राणी उचलून नेईल. पळा. कोण होतं ते, याचा उलगडा पुढे होईल, आणि तो तुम्हाला आवडणार नाही.

टोळी

मेंदू पुरेसा वाढला की तुम्हाला शेकोटी, झोपडी आणि कपडे मिळतात. शरीर कायमचं गोठतं. आता बस्ता फक्त टोप्या आणि खांद्यांवरच्या शिंगांचा. आजूबाजूला पाच टोळ्या उगवतील. भाले, दगडी कुऱ्हाडी आणि मशाली घेऊन जा, किंवा लाकडी शिंग, खुळखुळे आणि डिजेरिडू घेऊन जाऊन त्यांच्या दारात वाजवा. दोन्हीचा निकाल सारखाच, वाजवण्यात माणसं कमी मरतात. मासे धरा, अंडी देणारे प्राणी पाळा, पोरं वाढवा. मागे शेकोटीपाशी कुणीतरी सारखं ओरडतंय, हे इथे प्रथम जाणवेल. सवय करा.

नगर

आता नगरभवन बांधायचं, तेही स्वतःच आखून. घरं लागतात, कारखाने लागतात, करमणुकीची ठिकाणं लागतात. कारखान्याने पैसा येतो आणि लोक कुरकुरतात; करमणुकीने लोक खूश होतात आणि पैसा जातो. घराशेजारी कारखाना ठेवला तर उत्पन्न वाढतं, पण करमणुकीशेजारी ठेवला तर चेहरे उतरतात. विल राइट यांचं ‘सिमसिटी’ इथे पुन्हा डोकं वर काढतं, फक्त रहिवाशांना शेपट्या असतात.

जमिनीतून मसाल्याची कारंजी निघतात आणि ती ज्याच्या ताब्यात तो श्रीमंत. मसाल्यासाठी गलबतं हाकणाऱ्यांनी कुणाकुणाचे किनारे बळकावले, हे कोकण-गोव्याच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. जग जिंकण्याचे मार्ग तीन. रणगाडे पाठवा. व्यापार वाढवून समोरचं अख्खं शहर विकत घ्या. किंवा धर्मप्रचाराची वाहनं पाठवा, म्हणजे त्यांच्या डोक्यावर तुमच्या प्राण्याची प्रकाशाची अजस्र मूर्ती उभी राहून प्रवचन सुरू होतं आणि ऐकणारे हळूहळू शरण येतात. तोंड शेपटीला लावलं असेल तर प्रवचनही तिथूनच होतं. तरी लोक शरण येतात. यातला कोणता मार्ग सर्वांत भीतिदायक, यावर माझं मत ठाम आहे आणि ते रणगाडे नव्हे.

अंतराळ

इथपर्यंत सगळे पोचतात. इथून फारसे कुणी परत येत नाहीत.

तुम्हाला यान मिळतं आणि हजारो ताऱ्यांची आकाशगंगा समोर फिरू लागते. अथांग, निळसर, मन भरून यावं अशी. मन भरून यायला अंदाजे दोन मिनिटं मिळतात. मग घंटा वाजते. घरच्या ग्रहावर काही प्राण्यांना रोग झालाय. ताबडतोब या आणि आजारी तेवढे लेझरने टिपा. टिपून वर येता तोवर वसाहतीवर चाचे आलेले असतात. चाचे हाकलता तोवर दोस्त साम्राज्यावर हल्ला होतो, आणि नाही गेलात तर दोस्ती उतरणीला लागते. अब्जावधी जीव, डझनभर ग्रह, आणि निस्तरणारे तुम्ही एकटे.

मसाला वसाहतीत आपोआप तयार होतो, पण उचलायला जातीने जावं लागतं. तांबडा स्वस्त, जांभळा सर्वांत महाग. एका ग्रहावर भरायचा, जिथे भाव चढलाय तिथे विकायचा, परत यायचं. पेशी असताना आपण काय करत होतो, ते आठवण्याचा मोह होतो. आवरा.

ओसाड ग्रह राहण्याजोगा करायचा असेल तर आधी हवा आणि तापमान जागेवर आणायचं. मग प्रत्येक पायरीला लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन वनस्पती, दोन शाकाहारी प्राणी आणि एक मांसाहारी किंवा मिश्राहारी प्राणी सोडायचा. एकही राहिला तर सगळं पुन्हा वाळवंट होऊ लागतं. हे प्राणी आणायचे कुठून? दुसऱ्या ग्रहावर जायचं, झोत सोडायचा, खाली गवत खाणारा एखादा जीव उचलायचा. खाली बाकीचे सैरावैरा पळत असतात. मघाची तबकडी कुणाची होती, ते आता कळलं असेल.

नवशिक्याने पहिल्या कमाईतून शस्त्रं घेऊ नयेत. वसाहतींना तोफा आणि साथी थांबवणारं यंत्र घ्यावं. घंटा थांबत नाही, पण दोन घंटांमध्ये जेवून होतं.

आकाशगंगेच्या मध्याभोवती ग्रॉक्स नावाचे अर्धे मांसाचे, अर्धे लोखंडाचे लोक वेढा घालून बसले आहेत. त्यांना फक्त मेलेले, उजाड ग्रह मानवतात. ग्रहावर हवापाणी सुधारलं की ते मरतात. झाडं लावून युद्ध जिंकता येण्याची ही एकमेव जागा मला माहीत आहे. त्यांच्याशी दोस्तीही करता येते, पण मग उरलेली सगळी साम्राज्यं तुमच्यावर रुसतात. मध्याकडे जाताना यानाची झेप आखूड होत जाते आणि मागे घंटा वाजतच राहते.

मध्यावर स्टीव्ह भेटतो. विश्वाचं रहस्य त्याच्याकडे आहे का, यावर फार अपेक्षा ठेवू नका. तो एक दंड देतो. तो फिरवला की कितीही भकास ग्रह एका क्षणात नंदनवन होतो, ना तीन वनस्पतींची भानगड, ना झोत टाकून चोऱ्या. हा दंड 42 वेळा वापरता येतो. का 42, ते डग्लस अ‍ॅडम्सच्या वाचकांना विचारा. शिवाय स्टीव्ह सूर्यापासूनच्या तिसऱ्या गोळ्याचा पत्ता सुचवतो. शोधायला वेळ लागतो, पण पृथ्वी या खेळात खरोखर आहे, चंद्रासकट.

ती सापडली की यानात ग्रह फोडायचा बॉम्ब आहे का ते पाहा. तो पृथ्वीवर टाकला तर खेळ तुम्हाला एक खास पदक देतो. आसपास वस्ती असलेली साम्राज्यं मात्र नियमभंग केला म्हणून खवळतात, तेव्हा दारूगोळा भरून जा. टाकायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. आधी सेव्ह करा, आणि ठरवायचं ते झटपट ठरवा, कारण घरच्या ग्रहावर पुन्हा काही प्राणी आजारी पडलेत.