होर्डिंगचा बीएमआय

जाहिरातीत भरल्या अंगाची माणसं दिसतच नाहीत, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी एकदा ठाणे स्टेशनाबाहेर येऊन मान वर करावी. नाहीतर डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर एक फेरी मारावी. खांबाखांबावर शंभर किलोच्या घरातली मॉडेल्स हात जोडून उभी आहेत. पांढरा कडक सदरा, गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल आणि वर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. हनुवटीखाली दुसरी हनुवटी, तिच्याखाली पोट, आणि पोटाखाली दोन रांगांत शुभेच्छुक. ‘भाऊ, दोन महिने काकडी-गाजरावर काढा, मग बॅनर लावू’ असं भाऊंना अजून कुणी सांगितलेलं नाही. पोट जितकं पुढे तितकं तिकीट जवळ, अशी कार्यकर्त्यांची श्रद्धा आहे. आहे त्या देहाचा इतका मनमोकळा स्वीकार पॅरिसमध्येही झाला नसेल.

अट एकच. मॉडेल पुरुष पाहिजे.

बाई येते ती त्याच चौकातल्या भाडं भरलेल्या, अधिकृत होर्डिंगवर. घोडबंदर रोडवरच्या टॉवरची जाहिरात असेल तर ती बाल्कनीत कॉफीचा मग धरून उभी असते आणि कठड्याचे गज तिच्या दंडापेक्षा जाड असतात. (गृहकर्जाच्या हप्त्यांनी वाळली असेल म्हणावं, तर चेहऱ्यावर हसू आहे.) साडीची जाहिरात असेल तर प्रकरण आणखी विनोदी. शिवलेल्या कपड्यांना मापं असतात, साडीला नाही. निऱ्या दोन कमी घ्या नाहीतर दोन जास्त, ती कुठल्याही कमरेशी जमवून घेते. असं समजूतदार वस्त्र विकायलासुद्धा आपल्याला बिनकमरेची मुलगीच लागते. दुकानांच्या काचेमागे ज्या पुतळ्या उभ्या असतात त्यांना एकदा पाठीमागून बघा. ब्लाउजला ओळीनं क्लिपा लावून तो आवळलेला असतो. दुकानात शिरणाऱ्या दहाजणींना जो बसेल तो पुतळीला होत नाही, आणि तरी ओशाळतात त्या दहाजणीच.

हे सगळं मोजण्यासाठी बीएमआय नावाचं एक माप आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. अदोल्फ केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं १८३० च्या दशकात हे सूत्र काढलं. त्याला सरासरी माणूस कसा असतो ते पाहायचं होतं, कुणाच्या लग्नात अडथळा आणायचा नव्हता. १८.५ च्या खाली गेलात तर कमी वजन. माद्रिदच्या फॅशन सप्ताहानं २००६ मध्ये १८ च्या खालच्या मॉडेल्सना घरी पाठवलं. इस्रायलनं २०१२ मध्ये १८.५ ची रेषा कायद्यातच घातली. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि संगणकावर तिची कंबर बारीक केली तर जाहिरातीवर ‘फेरफार केलेले छायाचित्र’ असं छापावं लागतं. न छापल्यास ३७,५०० युरोपर्यंत दंड.

हा कायदा ठाणे जिल्ह्यात आणायला माझी काही हरकत नाही. मात्र तो भाऊंच्या बॅनरलाही लावावा. काळेभोर केस, गुळगुळीत गाल, पंधरा वर्षांपूर्वीचा चेहरा आणि मागे उगवता सूर्य: एवढ्या फेरफारांची यादी छापायची तर शुभेच्छुकांना जागा उरणार नाही. दंडाच्या रकमेतून मात्र कल्याण-शीळ रस्त्याचे खड्डे दरसाल बुजतील.

सिनेमा-टीव्हीवाल्यांनी आपल्या परीनं प्रयत्न केले, ते नाकारू नये. सचिन कुंडलकरांच्या ‘वजनदार’साठी २०१६ मध्ये सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी मुद्दाम वजन वाढवलं. जन्मापासून वजनदार असलेली नायिका मिळणं कठीण होतं बहुधा. कलर्स मराठीच्या ‘सुंदरा मनामध्ये भरली’त मात्र अक्षया नाईकची लतिका २०२० पासून दोन वर्षांहून अधिक काळ खरोखरच्या अंगानं घराघरांत वावरली. डोंबिवलीच्या सासवांनी ती चवीनं पाहिली, तिच्यासाठी डोळे पुसले, आणि जाहिराती लागल्या की मुलासाठी आलेल्या स्थळाचा फोटो पुन्हा निरखत म्हणाल्या, “मुलगी छान आहे हो, पण जरा सुटलेली वाटते.” आणि जानेवारी २०२१ मध्ये ‘हास्यजत्रे’तल्या वनिता खरातनं अंगावर कपडा न ठेवता, पतंग पुढे धरून कॅलेंडरसाठी फोटो दिला, तेव्हा आपल्या सगळ्यांना एकदम संस्कृती आठवली. पतंगाआडची वनिता डोळ्यांना खुपली. चौकातलं बटण तुटायला आलेलं पोट कुणाला खुपत नाही, कारण ते समाजकार्यातून आलेलं असतं.

आता थोडं कडू. ती १८.५ ची रेषा याच जिल्ह्यातून दोनदा जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाचांतली एक बाई या रेषेखाली निघाली. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर रेषेखालच्या बाईला कुपोषित म्हणतात आणि तिच्यासाठी योजना काढतात. तिथून दोन तासांवर, ठाण्याच्या मॉलमध्ये, त्याच वजनाच्या बाईला लक्ष्य म्हणतात आणि तिच्यासाठी जिम काढतात. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाडाही आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. झीरो फिगरची एवढी मोठी परंपरा असलेल्या जिल्ह्याला तिची जाहिरात करावी लागते, हे आश्चर्यच.

आणि जाहिरात कुठे? तर लोकलच्या डब्यात. ‘वजन घटवा, उंची वाढवा, खात्रीशीर आयुर्वेदिक’, खाली मोबाइल नंबर. औषधांच्या जादुई जाहिरातींविरुद्ध १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे. ज्या दुखण्यांवर औषधाची जाहिरातच करायची नाही त्यांच्या यादीत स्थूलपणाही आहे आणि शरीराची उंचीही. म्हणजे त्या एका स्टिकरनं सहा शब्दांत दोनदा कायदा मोडला. जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेनं, ॲस्कीनं, जून २०२२ मध्ये सांगून ठेवलंय की अंगकाठीमुळे माणूस प्रेमात, समाजात वा नोकरीत अपयशी ठरतो असं जाहिरातीत सुचवू नये. सूचना उत्तम. फक्त ती सकाळी ८ च्या डोंबिवली लोकलमध्ये चढू शकलेली नाही. तिथे दर चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं उभी असतात. माणशी ५० किलो धरले, तरी चौरस मीटरला ७०० ते ८०० किलो. बीएमआयचं एकक किलो आणि चौरस मीटरच असल्यानं आमच्या लोकलचा बीएमआय ७०० च्या वर आहे, आणि तिला कोणी काकडी-गाजरावर ठेवत नाही.

पण जाहिरातीतलं जे वजन खरोखर मोजायला हवं होतं, त्याकडे कुणी वळलंच नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना ते १२० बाय १२० फुटांचं होतं. वजन सुमारे २५० टन, असं नंतर छापून आलं. आधी कुणी काटा लावला नाही. मग स्ट्रक्चरल ऑडिटचे आदेश सुटले, बैठका झाल्या, चहा झाला. तीन महिने भरायच्या आत, २ ऑगस्टला, कल्याणच्या सहजानंद चौकात आणखी एक होर्डिंग खाली आलं. माणसं जखमी झाली, गाड्या चेपल्या. ज्या बाईचं चित्र अशा सांगाड्यावर चढतं तिच्या मांडीचा घेर टेपनं मोजून घेतलेला असतो, आणि ती ज्या लोखंडाला टांगलेली आहे त्याचा पाया किती खोल, ते विचारायला माणूस नाही.

तेव्हा ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या दोन्ही आयुक्तांना विनंती आहे. प्रत्येक होर्डिंगच्या खांबाला, माणसाच्या नजरेला येईल अशा उंचीवर, एक पाटी लावा: सांगाड्याचं वजन, पायाची खोली, शेवटच्या तपासणीची तारीख आणि सही करणाऱ्या इंजिनीअरचं नाव. तो दाखला नसेल तर बाईही उतरवा आणि भाऊही.

आणि वाचकहो, ती पाटी लागेपर्यंत पावसाळ्यात रिक्षाची वाट बघत होर्डिंगखाली उभे राहू नका. सडपातळ असलात तरी.